जनरलसाहेबांचा चहा

अगं, गावच्या घराच्या वाटणीवरून तुझ्या दादाशी अबोला धरलायस, हे कानावर आलं. हक्क तुझा आहेच, तो सोड असं मी मुळीच म्हणणार नाही. ‘जाऊ दे, तूच नमतं घे’ हा सल्ला आपल्याला फुकटात भरपूर मिळतो. त्याऐवजी मी तुला नेल्सन मंडेलांची गोष्ट सांगते.

१९९३ साल. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांची सत्ता जाणार हे दिसत होतं. लष्कराचे माजी प्रमुख जनरल कॉन्स्टंड फिल्यून यांना आफ्रिकानर, म्हणजे आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्या लोकांसाठी वेगळा प्रदेश हवा होता आणि त्यासाठी शस्त्र उचलायचीही त्यांची तयारी होती. त्यांचा जुळा भाऊ ब्राम मात्र वर्णभेदाच्या विरोधात! एका आईची लेकरं, पण तोंडं दोन दिशांना. याच ब्रामनं मध्ये पडून भावाची आणि मंडेलांची भेट घडवून आणली.

मंडेलांनी जनरलना घरी बोलावलं आणि स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला. दूध, साखर विचारून. बोलले ते आफ्रिकान्समध्ये. सत्तावीस वर्षांच्या तुरुंगवासात त्यांनी पहारेकऱ्यांची ही भाषा आणि त्या लोकांचा इतिहास मुद्दाम शिकून घेतला होता. मग मात्र आडपडदा नाही: युद्धात आम्ही तुमच्यापुढे टिकणार नाही, पण आम्ही इतके आहोत की तुम्ही जिंकणारही नाही.

नुसत्या चहानं युद्ध टळलं असं समजू नकोस हं. मार्च १९९४ मध्ये बोफुथात्स्वाना या कृष्णवर्णीयांच्या प्रदेशात कडव्या गोऱ्यांनी घुसून जो राडा केला, त्यानंही जनरलचे डोळे उघडले. ते निवडणुकीत उतरले, त्यांचा पक्ष ४०० पैकी ९ जागा मिळवून संसदेत बसला. वेगळ्या प्रदेशावर चर्चा करायचं मंडेलांनी कबूल केलं, प्रदेश काही दिला नाही.

तर आता तुझं. सातबाऱ्याचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकणं आधी थांबव. बाबा गेल्यावर कौलं कुणी बदलली, घरपट्टी कोण भरतं, दर गणपतीला घर कोण उघडतं, हे दादाच्या तोंडून ऐकून घे. त्यातलं खरं असेल ते खरं म्हण. मग तुझा हिस्सा माग, स्पष्ट आकड्यात, आवाज न चढवता. वकिलाची नोटीस काय, नंतरही धाडता येते. मध्ये पडायला तुमची आत्या बरी. तिच्यापुढे तुम्ही दोघंही आवाज चढवत नाही. तिला फोन तू करतेस की मी करू?