आग ओळखावी, मग यंत्र उचलावे

प्रस्तावना

दरवर्षी १४ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजावर कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्रच भरलेला होता. आग विझवण्याचे काम चालू असतानाच भीषण स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान प्राणांस मुकले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह साजरा होतो.

२०२१ साली हाच सप्ताह चालू असताना, १७ एप्रिल रोजी, छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील राजधानी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. कोरोनावर उपचार घेत असलेले पाच रुग्ण त्या दिवशी दगावले. त्यांतील बहुतेकांचा मृत्यू भाजून नव्हे, तर धुराने गुदमरून झाला. आग लागल्यानंतरची पहिली दोन-तीन मिनिटे किती मोलाची असतात, हे अशा घटनांवरून कळते. त्या मिनिटांत हाताशी असलेले अग्निशामक यंत्र योग्य असेल तर प्राण वाचतात. अयोग्य असेल तर संकट वाढते. ही निवड कशी करावी, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपल्याला –
• आगीचे प्रकार ओळखता येतील;
• कोणत्या इमारतीत कोणते यंत्र असावे, हे कारणासह सांगता येईल;
• यंत्राच्या मर्यादा स्पष्ट करता येतील.

मूळ पाठ

१. आग का विझते?

आग जिवंत राहण्यासाठी इंधन, उष्णता आणि प्राणवायू या तिन्ही गोष्टी लागतात. यांपैकी एक जरी काढून घेतली तरी आग विझते. पाणी उष्णता शोषून घेते. फेस जळत्या तेलावर पांघरुणासारखा पसरतो आणि हवा तोडतो. कार्बन डायऑक्साइड वायू आगीभोवतीचा प्राणवायू विरळ करतो. कोरडी रासायनिक पावडर ज्वाळेतील ज्वलनाची साखळीच तोडते. म्हणजे प्रत्येक यंत्राची काम करण्याची रीत निराळी आहे. बाहेरून मात्र बहुतेक यंत्रे सारखीच लाल दिसतात. म्हणून रंगावर विसंबून न राहता त्यांवरील अक्षरे आणि चित्रे वाचणे आवश्यक ठरते.

२. आगीचे वर्ग

भारतात लाकूड, कागद, कापड अशा घन पदार्थांच्या आगीला ‘ए’, पेट्रोल, रंग, तेल अशा द्रवांच्या आगीला ‘बी’, वायूंच्या आगीला ‘सी’ आणि धातूंच्या आगीला ‘डी’ वर्ग म्हणतात. स्वयंपाकाच्या उकळत्या तेलाची आग ‘एफ’ या स्वतंत्र वर्गात मोडते. काही यंत्रांवर तिच्यासाठी ‘के’ हे अक्षर छापलेले असते. अमेरिकी पद्धतीत ‘सी’ हे अक्षर विजेच्या आगीसाठी वापरतात. त्यामुळे परदेशी बनावटीचे यंत्र घेताना केवळ अक्षरावर विश्वास ठेवू नये.

३. इमारत पाहून निवड

रायपूरच्या पंडरी भागात कापडाची मोठी बाजारपेठ आहे. कापडाच्या गठ्ठ्यांना लागलेली आग वरून विझल्यासारखी दिसली तरी आत धुमसत राहते. भातगिरणीच्या आवारातील तुसाच्या ढिगाचेही तसेच असते. अशा ठिकाणी आतपर्यंत मुरणारे आणि थंडावा देणारे पाणीच उपयोगी पडते. परंतु त्याआधी वीजपुरवठा बंद केला पाहिजे. दुकानात विजेची उपकरणे जवळ असल्यास पाण्याच्या यंत्राच्या जोडीला ‘एबीसी’ पावडरचे यंत्रही ठेवावे.

तेलाची आग याच्या अगदी उलट वागते. ५ एप्रिल २०२४ रोजी रायपूरमध्ये वीज वितरण कंपनीच्या भांडारात मोठी आग लागली. तेथे ठेवलेली रोहित्रे व त्यांतील तेल पेटले. धुराचे काळे लोट आकाशात उठले आणि आसपासच्या रहिवाशांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. जळत्या तेलावर पाण्याची धार मारली, तर पाणी जड असल्याने तळाशी जाते आणि तेल त्यावर तरंगत पसरते. म्हणून तेलाच्या साठ्याजवळ फेसाचे किंवा पावडरचे यंत्र असावे. मात्र फेसात पाणी असते. वीजप्रवाह चालू असेल तेथे फेसही वापरू नये.

खानावळीच्या कढईतील तेल पेटले, तर त्यात पाणी मुळीच ओतू नये. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटलेले तेल चहूकडे उडते. ‘आगीत तेल ओतणे’ हा वाक्प्रचार सर्वांना ठाऊक असतो. पेटलेल्या तेलात पाणी ओतणे त्याहून घातक असते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. शेगडी बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवावे. मोठ्या स्वयंपाकघरात ‘वेट केमिकल’ प्रकारचे यंत्र बसवावे. ते तेलावर साबणासारखा थर धरते आणि तेल थंडही करते. साध्या पावडरने ज्वाळा विझली तरी तापलेले तेल पुन्हा पेट घेऊ शकते.

गॅसच्या सिलिंडरची गोष्ट आणखी निराळी. गळती चालू ठेवून केवळ ज्वाळा विझवली, तर न जळलेला वायू खोलीत साठतो आणि स्फोट होऊ शकतो. म्हणून पहिले काम वायूचा पुरवठा तोडण्याचे. यंत्राचा क्रम त्यानंतरचा.

कार्यालयातील संगणक आणि विजेच्या फलकाजवळ कार्बन डायऑक्साइडचे यंत्र योग्य ठरते. हा वायू वीज वाहून नेत नाही आणि मागे काही उरत नाही. पावडरनेही आग विझते, पण तिचे कण उपकरणे निकामी करतात. मात्र लहान बंद खोलीत हा वायू माणसालाही गुदमरवतो. त्याचे नळकांडे अतिशय थंड होते, म्हणून ते मुठीच्या जागीच धरावे.

रायपूरजवळच्या सिलतरा आणि उरला या औद्योगिक परिसरांत लोखंड-पोलादाचे कारखाने आहेत. तेथे पाण्याचा मोह विशेष टाळावा लागतो. स्पंज आयर्न ओले झाले तर स्वतःच तापते आणि त्यातून हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो. वितळलेल्या धातूवर पाणी पडल्यास वाफेचा स्फोट होतो. धातूच्या आगीसाठी कोरडी वाळू किंवा ‘डी’ वर्गाची खास पावडरच वापरतात.

४. रुग्णालय आणि यंत्राची मर्यादा

रुग्णालयात वीज, प्राणवायू, गाद्या, पडदे आणि औषधी द्रव एकाच छताखाली असतात. त्यामुळे तेथे एकाच प्रकारचे यंत्र पुरत नाही. प्राणवायूची नळी चालू राहिली, तर आग पुन्हापुन्हा भडकते. म्हणून विभागाची प्राणवायूची झडप कोठे आहे, हे प्रत्येक परिचारिकेला माहीत असावे. झडप बंद करण्यापूर्वी रुग्णांसाठी पर्यायी सिलिंडरची सोय हवी.

रायपूरहून नागपूरकडे येणाऱ्या महामार्गावरील भंडारा येथे ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि दहा बालके मृत्युमुखी पडली. तेथेही बहुतेकांचा जीव धुरानेच घेतला. अग्निशामक यंत्र धूर थांबवू शकत नाही. बहुतेक हाती यंत्रे मिनिटभराच्या आत रिकामी होतात. म्हणून आग टोपलीएवढी असेल आणि बाहेर पडण्याची वाट पाठीशी असेल, तरच यंत्र हाती घ्यावे. अन्यथा माणसे बाहेर काढावीत, दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे.

५. वापर आणि देखभाल

यंत्राची खीळ ओढावी, नळीचे तोंड ज्वाळेच्या शेंड्याकडे नव्हे तर बुडाशी धरावे, दांडा दाबावा आणि फवारा डावीकडून उजवीकडे फिरवावा. वारा पाठीमागून असावा. यंत्र दाराजवळ, सहज दिसेल असे टांगावे. त्यावरील दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे दरमहा पाहावे. कार्बन डायऑक्साइडच्या यंत्राला सहसा दाबमापक नसतो. ते वजन करून तपासतात. खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहावे. यंत्रांची निवड, मांडणी व देखभाल यांविषयीचे नियम भारतीय मानक ब्युरोच्या ‘आयएस २१९०’ या संहितेत दिले आहेत.

पाठगत प्रश्न

१. कापडाच्या गठ्ठ्यांची आग वरवर विझली तरी धोका का उरतो?
२. गॅस गळत असताना केवळ ज्वाळा विझवणे का घातक आहे?

आपण काय शिकलो

• यंत्राची निवड त्याच्या रंगावरून नव्हे, तर काय जळणार आहे त्यावरून होते.
• ही निवड आग लागण्यापूर्वी, इमारत फिरून पाहून करायची असते.
• यंत्र हा प्रथमोपचार आहे. माणसे बाहेर काढण्याला पहिला मान.

शब्दार्थ

रोहित्र – विजेचा दाब बदलणारे उपकरण. तूस – भाताचे टरफल. धुमसणे – ज्वाळेविना आतल्या आत जळणे. ज्वालाग्राही – चटकन पेट घेणारा. संहिता – नियमांचा संग्रह.

भाषाभ्यास

‘आग विझते’ आणि ‘आग विझवतो’ या वाक्यांतील क्रियापदे पाहा. पहिल्यात क्रिया आपोआप घडते, दुसऱ्यात ती कोणीतरी घडवतो. पेटणे, थांबणे, पसरणे यांची अशीच रूपे लिहा.

स्वाध्याय

१. आपण राहता किंवा काम करता त्या इमारतीत फिरून पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंची यादी करा. तेथे असलेले यंत्र त्यांना योग्य आहे काय? सकारण लिहा.
२. यंत्र अयोग्य किंवा मुदतबाह्य आढळल्यास ते बदलण्याची विनंती करणारे पत्र संबंधित व्यवस्थापकांना लिहा.
३. ‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ ही म्हण या पाठाच्या आशयाला कशी लागू पडते, ते पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.