शाळेचं वक्तृत्व मंडळ : वर्षाला खर्च किती?

जून उजाडला की पालक विचारतात, “बाई, वक्तृत्वाचा चांगला क्लास सुचवा ना.” माझं उत्तर ठरलेलं असतं : आधी शाळेतच मंडळ काढा. वीस मुलं, आठवड्याला एक तास आणि बोलायला लावणारा एक शिक्षक एवढं पुरतं.

हिशेब तालुक्याच्या शाळेचा मांडते. आकडे अंदाजाचे, तुमच्या गावाप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील. टेबलावरची घंटा 150 रुपये. मुद्दे टिपायला प्रत्येकी एक वही, 40 रुपयांप्रमाणे 800. रोजचं एक वर्तमानपत्र, महिना 200 धरून दहा महिन्यांचे 2000. प्रमाणपत्रांची छपाई 400. वर्षात दोन पाहुणे बोलवा, त्यांना पुस्तक भेट द्या, 600 रुपयांत होतं. माइक घेऊ नका. वर्गात मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवणं हाच तर सराव आहे! संदर्भासाठी मराठी विश्वकोश संकेतस्थळावर फुकट वाचता येतो.

खरा खर्च बाहेरच्या स्पर्धांचा. प्रवेश फी बहुतेक ठिकाणी 50 ते 200 रुपये असते. दोन स्पर्धक आणि सोबत एक शिक्षक, एसटीचं जाऊन-येऊन पूर्ण भाडं माणशी 200 धरू. 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोन मुली आणि बाई 300 रुपयांत जाऊन येतात. बारा वर्षांवरचे दोन मुलगे आणि सर असतील तर 600. जेवणाचे 300 आणि फीचे 200 मिळवले, तर एक स्पर्धा 800 ते 1100 रुपयांना पडते. पाळीपाळीनं मुलं बदलून वर्षात चार स्पर्धा करा. सगळं मिळून सात ते साडेआठ हजार, म्हणजे दहा महिन्यांत मुलामागे महिना साधारण 40 रुपये.

खासगी क्लास वाईटच असतात असं नाही. पण पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा. जीएसटी धरून फी किती? नोंदणी असलेल्या क्लासच्या फीवर 18 टक्के कर लागतो. दुसरा प्रश्न मोलाचा : तासात माझं मूल किती वेळ उभं राहून बोलेल? तीस मुलांच्या तुकडीत तासाला दोनच मिनिटं वाट्याला येतात.

लिहून मिळणाऱ्या भाषणांवर मात्र एक रुपयाही घालू नका. सातवीतल्या एका मुलीला घरच्यांनी 500 रुपयांना भाषण लिहून आणलं होतं. पाच अधिक दोन मिनिटांची स्पर्धा. चौथ्या वाक्याला ती अडली. ओठ हलत होते, बोटं ओढणीचं टोक पिळत होती, आणि ते वाक्य तिचं नसल्यामुळे पुढचं सुचेना. पुढच्या वर्षी तीच मुलगी गावातल्या पाणीटंचाईवर स्वतःचे तीन मुद्दे वहीत टिपून गेली. मध्ये एकदा थांबली, वहीकडे न बघता पुन्हा सुरू झाली आणि उत्तेजनार्थ बक्षीस घेऊन आली. त्या तयारीला लागली ती 40 रुपयांची वही आणि मंडळाचे आठवड्याचे तास.

पहिल्याच पालकसभेत हा हिशेब फळ्यावर मांडा. ज्या घराला महिना 40 रुपयेही जड जातील, त्या मुलाचा वाटा बाकीच्यांनी उचलावा, आणि ते त्याला कळूही देऊ नये.