सिनेमातला अपंग आणि गावातला अपंग

मंडळी, आपण सिनेमा पाहतो. हसतो, रडतो, घरी येतो. पण पाहिलेले मनात राहते. अपंग माणसाकडे कसे बघायचे, हेही सिनेमा आपल्याला नकळत शिकवतो.

सिनेमात अपंग माणूस बहुधा तीन तऱ्हांनी दिसतो. कधी त्याची कीव येते. कधी त्याच्या तोतरेपणाला, लंगडण्याला लोक हसतात. कधी तो देवकृपेने एकदम बरा होतो. खऱ्या जिण्यात असे असते काय? आंधळ्या माणसाचे तीन सिनेमे बघू.

पहिला, १९७७ सालचा 'अमर अकबर अँथनी'. त्यातली आई आंधळी होते. पुढे साईबाबांचे भजन चालू असता तिला दिसू लागते. बघायला गोड वाटते. श्रद्धेला कोण नाही म्हणतो? पण डोळ्याचे दुखणे डॉक्टरला दाखवावे लागते. चमत्काराची वाट बघत बसले, तर वेळ हातची जाते.

दुसरा, २००४ सालचा मराठी 'श्वास'. कोकणातल्या एका लहान पोराच्या डोळ्यांत कर्करोग निघतो. आजोबा त्याला शहरात नेतात. डॉक्टर सांगतात, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. इथे चमत्कार होत नाही. दृष्टी जाते, पण पोर जगते. आजोबा त्याचा हात सोडत नाहीत.

तिसरा, १९८० सालचा 'स्पर्श'. सई परांजपे यांनी तो काढला. त्यातला नायक आंधळा आहे आणि अंध मुलांच्या शाळेचा मुख्याध्यापक आहे. त्याला कोणाची कीव नको आहे.

८ जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टानेही सांगितले, की सिनेमात अपंगांना हिणवणारे शब्द नकोत. त्यांचे जिणे खरे दाखवावे.

आता आपल्या गावाकडे बघा. कोणी पाय ओढत चालला, की त्याचे नाव 'लंगड्या' पडते. आईबापांनी ठेवलेले नाव मागे राहते. बहिऱ्या मुलीला शाळेत घालत नाहीत. "मागल्या जन्मीचे पाप," म्हणून गप्प बसतात. बाबांनो, हे पाप नव्हे. कायदाही तिच्या बाजूने आहे. सरकारी कागदावर अशा माणसाला आता 'दिव्यांग' म्हणतात. ज्या मुलाचे अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचा दाखला आहे, त्याला ६ ते १८ वर्षांपर्यंत फुकट शिकायचा हक्क आहे. २०१६ सालच्या कायद्यात तसे लिहिले आहे. शाळा जवळची असो की खास मुलांची.

तेव्हा अपंगाला त्याच्या नावाने हाक मारा. पोराला डॉक्टरकडे न्या, शाळेत घाला. कीव करून पोट भरत नाही. शिकून, काम करून भरते.

प्रश्न
१. सिनेमात अपंग माणूस कोणत्या तीन तऱ्हांनी दिसतो?
२. 'श्वास'मध्ये पोराची दृष्टी का जाते?
३. तुमच्या गावात अपंगत्वावरून कोणाला हाक मारतात? त्याचे खरे नाव पाटीवर लिहा.