लायक्राचे कापड उष्णतेने ढिले का पडते?

आपल्या लोणार-मेहकरकडील दुकानांत आज लेगिंग, स्ट्रेच जीन्स आणि लायक्रा मिसळलेल्या कापडाचा माल मोठा असतो. लग्नसराई ऐन उन्हाळ्यात येते, पारा चाळिशीच्या वर जातो आणि त्याच दिवसांत तक्रारीही वाढतात. पँटला गुडघ्यात फुगा आला, कंबर सैल पडली, पांढरी लेगिंग पिवळी झाली. मग दुकानदार शिंप्याकडे बोट दाखवतो, शिंपी इस्त्रीवाल्याकडे, आणि पैसे मात्र आपल्याच गल्ल्यातून जातात. म्हणून या धाग्याची थोडी मालूमात प्रत्येक व्यापाऱ्याला व कारागिराला असावी.

लायक्रा हे एका छापाचे नाव आहे. मालाचे खरे नाव स्पँडेक्स किंवा इलास्टेन. लेबलावर ‘कॉटन ९५ टक्के, इलास्टेन ५ टक्के’ असे असते ते हेच. हा पॉलियुरेथेन जातीचा धागा आहे. पॉलियुरेथेन १९३७ साली जर्मनीत ओटो बायर व त्यांच्या साथीदारांनी तयार केले. त्यापासून हा धागा १९५८ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स यांनी काढला. पूर्वीचे रबरी इलॅस्टिक उन्हाळ्यात चिकट होई, मग तडकून जाई. हा धागा त्यापेक्षा पुष्कळ टिकाऊ, परंतु उष्णतेपुढे तोही अमर नाही.

याची साखळी दोन प्रकारच्या तुकड्यांची असते. एक तुकडा नरम, गुंडाळलेल्या सुतासारखा; ताणला की उलगडतो. दुसरा कडक, असे कडक तुकडे एकमेकांना धरून गाठी मारतात. ताण सोडला की या गाठींमुळेच धागा जागेवर येतो. उष्णता जास्त झाली की गाठी सैल होतात, साखळ्या सरकतात आणि थंड झाल्यावर नव्या जागी पक्क्या बसतात. गिरणीवाले याच गुणाचा फायदा घेतात. कापड ताणून साधारण १८० ते १९५ अंशांवर अर्धा-पाऊण मिनिट ठेवतात, त्यामुळे पन्हा कायम राहतो. तेथे उष्णता कमी पडली तर कापड धुतल्यावर आटते, जास्त झाली तर ताण जातो.

आता इस्त्रीचा हिशोब पाहा. एक ठिपका म्हणजे सुमारे ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. कॉटनला तीन ठिपके चालतात; म्हणून कॉटन-लायक्राच्या पँटवरही तीच इस्त्री फिरते. म्हणजे गिरणीत एकदाच, मोजून दिलेली धग आपण दर धुण्याला, बेहिशोब देतो! कोळशाच्या इस्त्रीला तर ठिपकेच नसतात. एवढ्या धगीत गाठी सरकतातच, शिवाय साखळीही तुटू लागते. तुटलेली साखळी कशानेही जुळत नाही. शिवणीतून बारीक पांढरे धागे डोकावू लागले तर आतला लायक्रा तुटला आहे असे समजावे. शिंपी बंधूंनी चिकट बकरम लावताना कापड ताणून धरू नये, इस्त्री एका जागी रेंगाळू देऊ नये. अशा कापडाला एक ठिपका बरा, वर ओलसर सुती कापड ठेवावे.

दुसरी खराबी सावकाश होते आणि ती गोदामातली आहे. पत्र्याखाली दुपारी बाहेरच्यापेक्षाही जास्त गरम होते. अशा उष्णतेत हवेतील प्राणवायू नरम तुकड्यांना हळूहळू कुरतडतो. ऊन पडत असेल तर अधिक लवकर. एका उन्हाळ्यात फरक दिसेलच असे नाही, पण दोन-तीन वर्षे पडलेल्या मालात दिसतो. लेगिंग पुतळ्यावर ताणून काचेच्या शोकेसमध्ये महिनोन्‌महिने ठेवणे हे तर आपल्याच हाताने केलेले नुकसान. गठ्ठे भिंतीच्या थंड बाजूला, पत्र्यापासून खाली ठेवावेत आणि जुना माल आधी काढावा.

पिवळेपणाचे मात्र वेगळे आहे. धाग्यातील काही भाग ऊन, उष्णता आणि धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडमुळे पिवळा पडतो. जनरेटर गोदामाच्या तोंडाशी असेल तर पांढरा माल आधी बिघडतो. पण पिवळा झाला म्हणजे ताण गेलाच असे नाही. ते ताणूनच पाहावे लागते.

त्याची तपासणी सोपी आहे. कापडावर १० सेंटीमीटर अंतराने दोन खुणा करा, १३ सेंटीमीटरपर्यंत ताणून एक मिनिट धरा, सोडा, आणि थोड्या वेळाने मोजा. त्याच कापडाच्या ताज्या तुकड्याशी ताडून पाहा. ताजा तुकडा जवळजवळ जागेवर आला आणि जुना साडेदहावरच राहिला, तर तो माल पूर्ण भावाने विकू नये. घाऊक व्यापाऱ्याकडे नवा ताका उघडतानाच ही चाचणी केली तर दोष गिरणीचा की नंतरचा, हा वाद तेथेच मिटतो.

चपला-बुटांचे काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट: पीयू सोलही याच घराण्यातला. त्यातील पॉलिएस्टर जातीच्या सोलला गरमीबरोबर दमटपणा जास्त बाधतो. खोक्यात न वापरलेला जोडही काही वर्षांनी भुसभुशीत होतो. पावसाळ्यात हा माल जमिनीवर ठेवू नये, आणि खरेदी एका हंगामापुरतीच करावी.