पोरांची कमाई पोरांच्याच नावावर

सोलापुरात कर सल्लागाराचं काम करताना हल्ली अकरावी-बारावीतली मुलंही आईवडिलांबरोबर समोर येऊन बसतात. कुणी नवी पेठेतल्या दुकानांसाठी रील बनवतं, कुणी लग्नसराईत मेंदी काढतं, कुणी तबला शिकवतं. या घरांशी बोलताना जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, ते इथे लिहितो.

१. पैसा कशातून आला, हे आधी बघा. १८ वर्षांखालच्या मुलाचं उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्यात धरतात. पण मुलाने अंगमेहनतीने किंवा स्वतःच्या कौशल्याने मिळवलेला पैसा त्याचाच. १९६१च्या कायद्यातलं कलम ६४(१अ) हेच सांगतं. यंत्रमागावर काम करणारे एक वडील म्हणाले, "सर, पोरगं लहान आहे की, माझ्याच नावावर दाखवा." तसं करू नका. कायदा त्याला कमावता मानतो, तर घरानेही मानावं.

२. त्याच कमाईची मुदत ठेव केली, तर व्याज मात्र पालकांच्या उत्पन्नात धरलं जातं. इथे भलेभले चुकतात.

३. पॅन लहान वयातही मिळतं. अर्ज पालकांनी करायचा. त्या कार्डावर मुलाचा फोटो-सही नसते, १८ पूर्ण झाले की ती घालून घ्यावी. पॅन दिलं नाही, तर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, सहसा २० टक्क्यांनी कापतात.

४. 'कर लागत नाही, मग विवरणपत्र कशाला?' हा प्रश्न रोजचा. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या वर्षासाठी ४ लाखांपर्यंत कर नाही, आणि सवलत धरली तर नेहमीच्या उत्पन्नावर १२ लाखांपर्यंत तो शून्यावर येतो. म्हणजे बहुतेक मुलांना कर बसतच नाही. पण कापलेला टीडीएस विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही. एका मुलीने टॉवेलच्या कारखान्याचं जाहिरातीचं काम केलं. ६०,००० रुपये ठरले, हातात ५४,००० आले. उरलेले ६,००० फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या नोंदींत, तिच्या पॅनवर जमा दिसत होते. तिच्या आईने ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. पालकाने मुलीच्या वतीने विवरणपत्र भरलं आणि पैसे परत आले.

५. मुलाचे यूपीआयचे पैसे वडिलांच्या खात्यात घेऊ नका. ते वडिलांचंच उत्पन्न दिसतं आणि पुढे खुलासे देत बसावं लागतं. १० वर्षांवरच्या मुलांना स्वतः खातं चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे. शिवाय एक वही ठेवा: तारीख, कुणी दिले, कशाचे, किती. मेंदीचे कोन, प्रवास, डेटा पॅक असा कामाचा खर्चही त्यातच लिहा, कारण तो उत्पन्नातून वजा होतो.

आणि विवरणपत्र भरताना मुलाला शेजारी बसवा. आकडे त्याला वाचू द्या, त्याच्या शंका त्यालाच विचारू द्या.