एका मोटारीचा पुनर्जन्म

इ. स. १९०८ च्या फेब्रुवारी महिन्याची १२ तारीख. न्यूयॉर्क शहरातील टाइम्स स्क्वेअर या चौकात माणसांचा समुद्र लोटला होता. कडाक्याची थंडी पडली होती; तरीही सहा मोटारींचे प्रस्थान पाहण्यासाठी लोक दाटीवाटीने उभे होते. या सहांपैकी तीन मोटारी फ्रान्सच्या, एक जर्मनीची, एक इटलीची व एक अमेरिकेची होती. त्यांना न्यूयॉर्कहून पॅरिसला जायचे होते. परंतु पूर्वेकडच्या सरळ सागरी वाटेने नव्हे, तर पश्चिमेकडे तोंड करून, उत्तर अमेरिका, आशिया आणि युरोप ही तीन खंडे ओलांडून!

आज ही गोष्ट ऐकून फारसे नवल वाटणार नाही. पण त्या काळी गावाबाहेर पडताच चांगला रस्ता संपत असे. वाटेत पेट्रोल मिळण्याची खात्री नसे. मोटार बिघडली, तर ती दुरुस्त करणारा कारागीर शेकडो मैलांत सापडत नसे. म्हणून प्रत्येक गाडीबरोबर तिची नाडी ओळखणारा माणूस असणे अगत्याचे होते.

अमेरिकेच्या गाडीचे नाव होते ‘टॉमस फ्लायर’. बफेलो शहरातील टॉमस कंपनीने ती बनवली होती. तिच्या इंजिनाला चार सिलिंडर होते व त्याची शक्ती ६० अश्वशक्ती होती. सायकलप्रमाणे साखळीच्या योगाने तिची मागची चाके फिरत. तिच्याबरोबर कंपनीतील एक कुशल यंत्रज्ञ होते, जॉर्ज शूस्टर. न्यूयॉर्कपासून पॅरिसपर्यंत या गाडीची सोबत न सोडणारे तेच एकमेव अमेरिकन होत.

बर्फाचे ढीग फावड्यांनी उपसत, चिखलातून वाट काढत, प्रसंगी रेल्वेच्या रुळांवरून खडखडत ही गाडी ४१ दिवसांनी सॅनफ्रान्सिस्कोला पोहोचली. ऐन हिवाळ्यात अमेरिका ओलांडणारी ती पहिलीच मोटार ठरली. तेथून ती जहाजाने अलास्कात गेली. पण तेथील बर्फातून मोटार नेणे अशक्य आहे, असे शूस्टर यांना पाहणीअंती दिसून आले. मग ती परत फिरली आणि जपानमार्गे रशियातील व्लादिव्होस्तोक बंदरात उतरली. पुढे मांचुरिया व सायबेरियाच्या दलदलीने तिची कठोर परीक्षा पाहिली. एकदा प्रतिस्पर्धी जर्मन मोटार चिखलात रुतलेली दिसली, तेव्हा शूस्टर आणि त्यांचे सोबती तिला ओढून काढण्यास धावले. स्पर्धा खरी, पण संकटातील प्रवाशाला सोडून जाणे त्यांना रुचले नाही.

वाटेत गिअरचे दाते तुटले, कित्येक भाग खिळखिळे झाले. शूस्टर यांनी जे मिळेल ते साहित्य वापरून गाडी पुन्हा पुन्हा चालती केली. ३० जुलै १९०८ च्या संध्याकाळी ती पॅरिसमध्ये शिरली, तोच एका पोलिसाने तिला अडवले. गाडीचा दिवा लागत नव्हता आणि दिव्याशिवाय मोटार पुढे नेण्यास कायद्याची मनाई होती! जवळच्या एका सायकलस्वाराने आपला दिवा देऊ केला. पण तो सायकलवरून काही केल्या सुटेना. अखेर दिव्यासह सबंध सायकलच मोटारीवर चढवण्यात आली आणि गाडी पुढे निघाली. जर्मन मोटार चार दिवस आधीच पॅरिसला आली होती. तथापि अमेरिकेतील काही वाट तिने आगगाडीवरून काटली होती व अलास्कालाही ती गेली नव्हती. या दोन्ही गोष्टींचा हिशेब करून परीक्षकांनी टॉमस फ्लायरला विजयी ठरवले. १६९ दिवसांत तिने जमिनीवरून सुमारे २१,००० किलोमीटर प्रवास केला होता.

विजयाचा जयघोष फार काळ टिकला नाही. काही वर्षांतच टॉमस कंपनीचे दिवाळे निघाले. जगप्रसिद्ध मोटार या हातातून त्या हातात गेली. नवनव्या, वेगवान गाड्या आल्या आणि जुनी विजेती जीर्ण होऊन पडून राहिली. पुढे नेव्हाडा राज्यातील रीनो शहरी जुन्या मोटारींचा प्रचंड संग्रह करणारे विल्यम हॅरा यांनी ती मिळवली. १९६४ साली त्यांच्या कारखान्यात तिच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेण्यात आले.

जुनी मोटार चालती करणे म्हणजे तिला नवा रंग फासणे नव्हे. रंग डोळ्यांना फसवतो. रस्ता मात्र कोणाकडूनही फसत नाही. चकचकीत दिसणारी गाडी पहिल्याच उतारावर थांबेनाशी झाली, तर आतल्या माणसांच्या जिवावर बेतते. म्हणून जाणता कारागीर प्रथम रंगाचा डबा उघडत नाही. तो गाडी उलगडतो. प्रत्येक भाग सुटा करतो, धुतो, पुसतो आणि उजेडात धरून निरखतो. मळाच्या थराखाली लोखंडाला गेलेली केसासारखी बारीक चीरही त्याच्या नजरेतून सुटता कामा नये.

त्या काळच्या बहुतेक मोटारींच्या चाकांचे आरे लाकडी असत. वर्षानुवर्षे कोरड्या जागी राहिल्याने लाकूड आकसते व आरे खोबणीत सैल होतात. असे चाक हलवले, की करकरते. ती करकर हीच धोक्याची सूचना होय. रबरी टायरचेही तसेच. तो मुळीच झिजलेला नसला, तरी काळाच्या ओघात रबर कडक होते व त्याला भेगा पडतात. न वापरलेली वस्तू नवीच राहते, हा समज येथे खोटा ठरतो.

यानंतर इंजिनाची पाळी येते. बरीच वर्षे बंद असलेल्या इंजिनात तेल घट्ट होते आणि गंजामुळे दट्ट्ये सिलिंडरच्या आत चिकटून बसतात. अशा वेळी उतावळा मनुष्य हँडल लावून जोराने फिरवू पाहतो आणि नाजूक भाग मोडून बसतो. शहाणा कारागीर सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडतो व वाट पाहतो. एक दिवस जातो, दोन जातात, कधी आठवडाही जातो. तेल हळूहळू फटींत झिरपते. मग हलक्या हाताने इंजिन किंचित पुढे, किंचित मागे फिरवले जाते. ते सुटले, म्हणजे जुने तेल काढून टाकतात, तेलाच्या वाटा साफ करतात आणि ताजे तेल भरतात. ज्या यंत्राच्या सांध्यांपर्यंत तेल पोहोचत नाही, ते चालू झाल्यावर थोड्याच वेळात स्वतःलाच जाळून घेते.

इंजिन चालण्यास तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात पेट्रोल व हवा, त्यांच्या मिश्रणावर पडणारा दाब आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. टाकीत राहिलेल्या जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा चिकट थर बनतो. टाकीच्या गंजाचे कणही पेट्रोलबरोबर वाहत येतात आणि कार्ब्युरेटरचे सुईच्या अग्राएवढे छिद्र बुजवून टाकतात. मग इंजिन क्षणभर चालते व धापा टाकत बंद पडते. उलट, पेट्रोलचे प्रमाण अधिक झाले, तर धुराड्यातून काळा धूर निघतो. धूर पाहून दोष ओळखणे ही कारागिराची परीक्षाच होय.

ठिणगीचे गणित याहून नाजूक असते. जुन्या मोटारींत सुकाणूच्या चाकापाशी एक लहान दांडी असे. ती सरकवून ठिणगी लवकर किंवा उशिरा पाडता येई. इंजिन वेगाने फिरत असताना ठिणगी थोडी लवकर पडावी लागते. परंतु हाताने हँडल मारताना ती लवकर पडली, तर दट्ट्या वर पोहोचण्यापूर्वीच स्फोट होतो, इंजिन उलटे फिरते आणि हँडलचा तडाखा बसून मनगट मोडते. म्हणून हँडल धरण्यापूर्वी दांडी जागेवर आहे, हे पाहण्याचा शिरस्ता होता. हँडलभोवती अंगठा न वळवता तो बोटांच्याच बाजूला ठेवावा, असेही जुने चालक सांगत.

इंजिनाने पहिली गर्जना केली, म्हणजे काम संपले असे नाही. एका अर्थी खरे काम तेव्हाच सुरू होते. रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचलेले असतील, तर पाणी फिरत नाही व थोड्याच वेळात उकळू लागते. म्हणून त्या नळ्या धुऊन घ्याव्या लागतात. गाडी जागेवरून हलवण्याआधी ब्रेक तपासतात. कारण ज्या गाडीला थांबता येत नाही, तिला चालण्याचा अधिकार नाही. यानंतर पहिली फेरी आवारातल्या आवारात होते. मग गाडी उभी करून चाकांच्या आसांना हात लावून पाहतात. एखादा आस इतरांपेक्षा अधिक तापला असेल, तर तेथे घर्षण होत आहे हे उघड आहे. धक्क्यांनी सैल झालेले नटबोल्ट पुन्हा आवळतात, साखळीचा ताण जुळवतात, जमिनीवर तेलाचे थेंब पडले आहेत काय ते पाहतात. दुसरी फेरी थोडी लांब, तिसरी त्याहून लांब. प्रत्येक फेरीत गाडी आपला एखादा दोष सांगते आणि ऐकणारा सावध असेल, तर तो दोष पुढच्या फेरीआधी दूर होतो.

टॉमस फ्लायरच्या बाबतीत आणखी एक प्रश्न होता. तिला कोणत्या रूपात पुन्हा उभी करावयाची? कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाच्या नव्या कोऱ्या रूपात ती सहज नटवता आली असती. पण त्या रूपात पॅरिसची वाट कोठे दिसली असती? हॅरा यांनी वेगळा निश्चय केला. १९०८ मध्ये शर्यत संपली, त्या क्षणी ती जशी होती, तशीच ती व्हावी. तिने प्रवासात सोसलेले घाव पुसले जाऊ नयेत.

तथापि ही खरोखर तीच मोटार आहे, हे कोण सांगणार? सुदैवाने एक साक्षीदार हयात होते. जॉर्ज शूस्टर तेव्हा ९१ वर्षांचे होते. त्यांना रीनोला आणण्यात आले. मोटारीचे नाव, पाटी किंवा रंग यांवर विश्वास ठेवण्यास ते तयार नव्हते. अखेर गाडीवर त्यांना त्यांनी स्वतः केलेल्या जुन्या दुरुस्त्यांच्या खुणा आढळल्या. ५६ वर्षांपूर्वीची आपल्या हातची कामगिरी त्यांनी ओळखली आणि हीच ती मोटार, असा निर्वाळा दिला.

येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मधल्या काळात कोणी हौशी मालकाने ते सांधे घासून गुळगुळीत केले असते, जुने भाग फेकून सर्वत्र नवे भाग बसवले असते, तर गाडी अधिक सुंदर दिसली असती. पण शूस्टर यांना ती ओळखता आली नसती. जी ठिगळे लाजिरवाणी म्हणून झाकली गेली असती, तीच तिच्या खरेपणाची साक्ष ठरली. अर्थात प्रत्येक जुनी खूण जपणेही योग्य नव्हे. तडकलेले चाक किंवा निकामी ब्रेक केवळ जुना म्हणून ठेवला, तर तो इतिहास नव्हे, अपघात होय. काय बदलावे आणि काय राखावे, याचा विवेक हाच या कलेचा प्राण आहे.

जॉर्ज शूस्टर १९७२ साली वारले. त्यांची मोटार आज रीनो येथील राष्ट्रीय मोटार संग्रहालयात आहे. तिच्याजवळ उभे राहणाऱ्याला झगमगाट दिसत नाही. दिसते ती प्रवासाने थकलेली, पण न हरलेली एक गाडी. तिच्या अंगावरची एकेक दुरुस्ती सांगते, की सायबेरियाच्या चिखलात एका माणसाने हातात पान्हा घेतला होता आणि काम अर्धवट टाकून तो परत फिरला नव्हता.

स्वाध्याय

१. टॉमस फ्लायरला विजयी ठरवताना परीक्षकांनी कोणत्या दोन गोष्टींचा विचार केला?
२. बराच काळ बंद असलेले इंजिन लगेच जोराने का फिरवू नये?
३. ‘रंग डोळ्यांना फसवतो, रस्ता मात्र कोणाकडूनही फसत नाही’, या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. शूस्टर यांनी मोटार कशावरून ओळखली?
५. तुमच्या घरातील एखादी जुनी वस्तू दुरुस्त करावयाची झाल्यास तिच्यातील काय बदलाल व काय राखाल? दहा ओळी लिहा.