मोठे आतडे काढल्यानंतर : आहार आणि पचन

मोठ्या आतड्याचा कर्करोग काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. त्यामागील एका आनुवंशिक आजारास 'फॅमिलियल ॲडेनोमॅटस पॉलिपोसिस' असे म्हणतात. 'एपीसी' या जनुकातील दोष हे त्याचे कारण असून, हे जनुक १९९१ मध्ये ओळखले गेले. आई किंवा वडिलांत हा दोष असल्यास प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. किशोरवयापासून आतड्यात पॉलिप नावाच्या मांसल वाढी उगवू लागतात. त्यांची संख्या शेकड्यांवर जाते आणि उपचार न झाल्यास चाळिशीच्या सुमारास कर्करोग जवळजवळ अटळ ठरतो. म्हणून तो होण्यापूर्वीच मोठे आतडे काढणे हा मुख्य उपाय होय.

'आतडेच काढले तर खायचे काय आणि पचायचे कसे?' या भीतीपोटी शस्त्रक्रिया, आणि त्याबरोबर मुलांची तपासणीही, लांबणीवर पडण्याचा धोका असतो. ही भीती बव्हंशी अनाठायी आहे.

हरपते काय ?

अन्नाचे पचन आणि पोषक द्रव्यांचे शोषण प्रामुख्याने लहान आतड्यात होते. तेथून रोज सुमारे दीड लिटर पातळ द्रव मोठ्या आतड्यात येतो. त्यातील बहुतेक पाणी व क्षार तेथे शोषले जाऊन मळ घट्ट होतो. म्हणजेच शस्त्रक्रियेने अन्न पचविण्याची शक्ती जात नाही. पाणी व मीठ राखण्याची शक्ती कमी होते. पुढील सर्व पथ्य या एका गोष्टीवर आधारलेले आहे.

काही रुग्णांत गुदाशय राखून लहान आतडे त्यास जोडतात. इतरांत गुदाशयही काढून लहान आतड्याच्या टोकाची पिशवी तयार करतात व ती गुदद्वाराशी जोडतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील सर ॲलन पार्क्स व जॉन निकल्स यांनी १९७८ मध्ये या पद्धतीची माहिती प्रसिद्ध केली. प्रारंभी शौचास वारंवार जावे लागते. काही महिन्यांनी पिशवी असणाऱ्यांत हे प्रमाण साधारणतः दिवसाला ४ ते ८ वेळांवर स्थिरावते.

आहाराचा क्रम

पहिले ४ ते ६ आठवडे मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, दही, उकडलेला बटाटा, पिकलेले केळे, अंडे, काटे काढलेली मासळी असा आहार सोसतो. मक्याचे दाणे, शेंगदाणे, खोबरे, कच्चा कोबी, फळांच्या साली व बिया टाळाव्यात. नीट न चावलेला चोथा आतड्यात अडकू शकतो. त्यानंतर दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक नवा पदार्थ घ्यावा आणि काय सोसते, काय नाही, याची वहीत नोंद ठेवावी. थोडेथोडे, पाच-सहा वेळा व सावकाश चावून खावे. रात्रीचे जेवण लवकर उरकल्यास झोपमोड कमी होते. अति तिखट, तळलेले व अति गोड पदार्थ आणि जास्त चहा-कॉफी यांनी मळ पातळ होतो.

शौच पातळ होत असताना नुसते साधे पाणी पुरेसे नसते. १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, विरघळवावे. साखरेमुळे लहान आतड्यात मिठाचे शोषण होते व त्यामागून पाणीही शोषले जाते. मधुमेह, रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. शौच कमी करणारी औषधेही त्यांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

पोटात कळा येऊन उलट्या होणे व शौच बंद पडणे, लघवी फार कमी होणे किंवा शौचातून रक्त जाणे ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी तात्काळ रुग्णालय गाठावे.

इतरांचे साहाय्य

अशा विद्यार्थ्यास शिक्षकांनी न विचारता शौचालयात जाण्याची मुभा द्यावी. कार्यालयप्रमुखांनी कर्मचाऱ्याची बसण्याची जागा शौचालयाजवळ ठेवावी. ग्रामपंचायतीने शाळा व सार्वजनिक ठिकाणची शौचालये पाण्यासह वापरात ठेवावीत. पथ्याइतकीच ही सोय महत्त्वाची आहे, कारण तिच्या अभावी रुग्ण खाणेपिणेच कमी करतो.

शस्त्रक्रियेनंतरही राहिलेला गुदाशय किंवा पिशवी आणि लहान आतड्याचा आरंभीचा भाग यांची दुर्बिणीने नियमित तपासणी आयुष्यभर करावी लागते. कुटुंबातील मुलांची तपासणी साधारणतः वयाच्या १० ते १२ वर्षांपासून सुरू करावी. वेळीच तपासणी झालेल्या मुलास कर्करोगापूर्वीच उपचार मिळतो, आणि त्यानंतरही त्याच्या ताटात भात-वरण, दही, पुढे सोसेल तशी भाकरीही राहते.